चॉम्स्कीची वाट की टोमासेलोची?

मुंबई विद्यापीठात, कालिन्याला भाषाविज्ञान करताना बालभाषेवर प्रबंध घ्यायचा म्हटलं की बाजू निवडावीच लागते: चॉम्स्कीसारखं व्याकरण जन्मजात मानायचं, की टोमासेलोसारखं कानावर पडतं त्यातून घडणारं? भाषा म्हणजे सवयीने शिकलेलं वर्तन, असं म्हणणाऱ्या स्किनरच्या पुस्तकाचं चॉम्स्कीने १९५९ मध्ये केलेलं परीक्षण तुम्ही वाचलं असेलच, ते सोडतो.

जन्मजातवाद्यांची मांडणी देखणी, यात वाद नाही. निकाराग्वात कर्णबधिर मुलं शाळेत एकत्र आली आणि त्यांच्यात खुणांची नवी भाषा उभी राहिली. मागून आलेल्या धाकट्यांनी तिचं व्याकरण आणखी नेटकं केलं. 'अनुकरण' म्हणून हे झटकता येत नाही. फोडरचे १९८३ चे मॉड्यूल, म्हणजे मनातले आपापलं काम स्वतंत्रपणे करणारे कप्पे, तेही पटतात. टोकांना उलटसुलट बाण काढलेल्या दोन रेषा सारख्याच लांबीच्या आहेत हे माहीत असूनही डोळा फसतो, म्हणजे तो कप्पा आपल्या ज्ञानाला दाद देत नाही.

मला अडलं ते मुलांची ध्वनिमुद्रणं ऐकताना. दादरच्या आमच्या इमारतीतली पोरं घरी मराठी, खाली खेळताना हिंदी, बालवर्गात इंग्रजी. 'मी करलं' म्हणणारं मूल नियम लावतंय, हे दोन्ही बाजूंना मान्य. पण तेच मूल 'मी पोळी खाल्ली' बिनचूक म्हणतं आणि पाठोपाठ 'मी गोष्ट ऐकला'! क्रियापदाने कर्माचं ऐकायचं, हा नियम आत बसलेला असेल तर एका क्रियापदाला लागू, दुसऱ्याला नाही, असं का? जन्मजातवाद्यांचं उत्तर ठरलेलं: ज्ञान पक्कं आहे, वापरताना घसरलं. जुळलेलं वाक्य पुराव्यात जमा, न जुळलेलं वापराच्या खात्यात. याचाच मला वीट आला. त्यात २००२ च्या हाउजर, चॉम्स्की आणि फिच यांच्या लेखात केवळ भाषेचं असं बहुधा पुनरावर्तनच (वाक्यात वाक्य गुंफत जाणं), इथवर दावा आकसला. मग मी तपासायचं तरी काय?

टोमासेलोने १९९२ मध्ये 'क्रियापदांची बेटं' मांडली: सुरुवातीला प्रत्येक क्रियापदाचं व्याकरण वेगळं. माझ्या वहीत तेच दिसत होतं. अर्थात मुलं काही चुका कधीच का करत नाहीत, यावरचं त्याचं उत्तर मला जरा पातळ वाटतं.

खुणांच्या भाषांवर काम असेल तर पहिली वाट बरी, असं माझं आपलं मत. मुंबईतल्या पोरांचं बोलणं हाती असेल, तर टोमासेलो घ्या आणि जोडीला मानसशास्त्रज्ञ ॲनेट कार्मिलॉफ-स्मिथ. कप्पे तयार मिळत नाहीत, वाढता वाढता पडतात, हे तिने १९९२ मध्येच मांडलंय. फोडर मात्र नीट वाचून ठेवा. तोंडी परीक्षेत विचारतात तोच.