विंडोजवर उबुंटू चालवण्यासाठी: व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर की हायपर-व्ही?

विंडोज तशीच ठेवून उबुंटू ही लिनक्सवर आधारित प्रणाली शिकायची असेल, तर हार्ड डिस्कचे वाटे पाडून दोन प्रणाली शेजारी बसवण्यापेक्षा व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे विंडोजच्या आतच चालणाऱ्या आभासी संगणकाचा, मार्ग बिनधोक ठरतो, कारण आतल्या प्रणालीत काही बिघडले तरी बाहेरच्या विंडोजला सहसा धक्का लागत नाही. त्यासाठीचे तीन प्रमुख पर्याय पैसे न मोजता मिळतात. त्यांतून निवडताना वैशिष्ट्यांच्या लांबलचक याद्या वाचण्याआधी आपल्या संगणकावर विंडोजची कोणती आवृत्ती आहे आणि रॅम किती आहे, हे पाहावे.

मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही विंडोजच्या प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांतच मिळते. होम आवृत्ती असलेल्यांसाठी हा विषय तिथेच संपतो. प्रो असेल तर वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि वेगही चांगला मिळतो. मात्र पेन ड्राइव्हसारखी यूएसबी उपकरणे आतल्या प्रणालीला थेट जोडण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे डेस्कटॉपवरच्या रोजच्या वापरापेक्षा सर्व्हर चालवून पाहणाऱ्यालाच ते अधिक मानवते.

खरी तुलना उरलेल्या दोघांची आहे. ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स मुक्तस्रोत असून नोंदणीशिवाय उतरवता येते. नवख्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शनेही बहुधा त्यालाच धरून असतात. त्याचा ‘एक्स्टेंशन पॅक’ (जादा सोयींची जोड) मात्र वेगळ्या परवान्याखाली येतो आणि तो केवळ वैयक्तिक व शैक्षणिक वापरासाठी किंवा चाचणीपुरता मोफत आहे, हे कार्यालयात वापरणाऱ्यांनी विसरू नये. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी विकत घ्यावे लागे. ब्रॉडकॉमने कंपनी ताब्यात घेतल्यानंतर नोव्हेंबर 2024 पासून ते व्यावसायिक वापरासाठीही मोफत झाले. ते उतरवण्यासाठी ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर खाते उघडण्याचा थोडा वैताग सोसावा लागतो, पण त्रिमितीय ग्राफिक्स त्यात अधिक सफाईने चालते आणि खिडकी लहानमोठी करताना उबुंटूचा पडदा अडखळत नाही. डेस्कटॉप रोज वापरायचा असेल तर माझा कौल व्हीएमवेअरला. महिनाभर हात बसवून पाहायचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्स पुरेसे आहे.

कोणतेही निवडले तरी आधी टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स विभागात सीपीयूखाली ‘व्हर्च्युअलायझेशन’पुढे ‘एनेबल्ड’ लिहिले आहे का, हे तपासावे. नसल्यास ते बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन सुरू करावे लागते. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत तळाशी हिरवे कासव दिसले, तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) आधीच चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आडून काम करावे लागते आहे, असे समजावे. अशा वेळी वेग बराच घटतो. विंडोज 11 मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’मुळेही असे होते, पण ती सुरक्षेची सोय असल्याने केवळ वेगासाठी बंद करणे मला पटत नाही.

रॅमचे गणित सरळ आहे. उबुंटू डेस्कटॉपला 4 जीबी रॅम आणि 25 जीबी जागा लागते. संगणकात एकूण 8 जीबीच असेल तर विंडोजला जेमतेम निम्मी उरते आणि ब्राउझर उघडताच दोन्ही प्रणाली रखडू लागतात. तेव्हा झुबुंटूसारखी हलकी प्रणाली घ्यावी. आणि केवळ लिनक्सच्या आज्ञा टाइप करून शिकायच्या असतील, तर या तिघांपैकी काहीही न बसवता होम आवृत्तीतही चालणारे डब्ल्यूएसएल-2 (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) वापरावे. ते गरजेपुरतीच रॅम घेत जाते.