पुरस्काराचा अर्ज भरावा की शिष्यवृत्तीचा?

बधिरांध, म्हणजे ऐकणं आणि दिसणं दोन्ही गेलेल्या किंवा खूप कमी असलेल्या, व्यक्तीसोबत चार-पाच वर्षं काम झालं की संस्थेतलं कुणीतरी म्हणतं, "यंदा तुमचं नाव पुरस्काराला पाठवू या." नेमकी त्याच सुमारास एखाद्या अभ्यासक्रमाच्या शिष्यवृत्तीची जाहिरातही हाती येते. कुठलाही अर्ज नीट भरायचा तर पंधरा-वीस संध्याकाळी जातात, आणि दिवसभर दुसऱ्याच्या हाताखाली हात धरून खुणा केल्यावर बोटांत टाइप करण्याइतकं त्राण फारसं उरत नाही. त्यामुळे बहुतेकांना एका वर्षी एकच अर्ज जमतो. मी दोन्ही करून पाहिले आहेत, आधी पुरस्काराचा आणि दोन वर्षांनी शिष्यवृत्तीचा. तुम्ही इंटरव्हीनर (एकाच बधिरांध व्यक्तीसोबत राहणारा प्रशिक्षित सोबती) असा, इंटरप्रिटर-गाइड (दुभाषाही आणि वाट दाखवणाराही) असा किंवा विशेष शिक्षक, प्रश्न साधारण तोच असतो.

पुरस्काराची बाजू मी हलकी मानत नाही. हे काम बाहेरच्याला दिसतच नाही. बँकेत, दवाखान्यात आपण सोबत उभे असतो आणि समोरचा माणूस आपल्याला मुलगा किंवा मदतनीस समजून सगळं आपल्यालाच विचारतो. जागतिक बधिरांध महासंघाच्या २०१८ च्या अहवालात गंभीर बधिरांधत्वाचं प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ०.२ टक्के धरलं आहे, म्हणजे दर पाचशे माणसांत एक. तरीही अनेक देशांत हे स्वतंत्र अपंगत्व मानलं जात नाही. अर्धं 'अंध'मध्ये आणि अर्धं 'कर्णबधिर'मध्ये वाटलं जातं. व्यक्तीचीच नोंद अशी, तर तिच्या सोबत्याचं पद कुठल्या रकान्यात बसायचं? पुरस्कार मिळाला की घरच्यांना, व्यवस्थापनाला, देणगीदारांना एकदम कळतं की हे शिकून करायचं काम आहे. माझ्या एका सहकारी ताईंचं पद पुरस्कारानंतरच कायम झालं. त्यांना कुणी 'पुरस्कारानं काय होतं' असं म्हटलं तर मला ते पटणार नाही.

शिवाय पुरस्काराची रक्कम मोकळी असते, ती कशावर खर्च करायची हे आपण ठरवतो. शिष्यवृत्तीची रक्कम बरेचदा थेट शिकवणाऱ्या संस्थेकडे जाते आणि परत आल्यावर अमुक वर्षं त्याच जागी काम करण्याचं बंधन येऊ शकतं. ही अट सही करण्याआधी वाचा. बधिरांधांसोबत काम करणाऱ्यांच्या 'डेफब्लाइंड इंटरनॅशनल' या जागतिक संघटनेचे जीवनगौरव, विशेष सेवा आणि तरुण व्यावसायिक असे वेगवेगळे पुरस्कार आहेत, त्यामुळे पुरस्कार म्हणजे फक्त निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा सत्कार असंही नाही.

माझा निर्णय मात्र पैशानं किंवा मानानं झाला नाही. तो झाला अर्जातल्या एका कलमामुळे.

मी ज्यांच्यासोबत काम करतो त्यांना मी काका म्हणतो. जन्मापासून ऐकू येत नाही. तरुणपणी दृष्टी कडेकडून कमी होत गेली आणि पन्नाशीच्या आत गेली. अशर सिंड्रोम या आनुवंशिक विकारात असं होतं. आमचं बोलणं सांकेतिक भाषेत चालतं. मी खूण करतो, काका माझ्या हातांवर हात ठेवून ती वाचतात. खूण अडली की तळहातावर अक्षरं. पुरस्काराच्या अर्जात मागितलं होतं, 'लाभार्थ्याच्या जीवनात आपल्या कार्यामुळे झालेला बदल', आणि सोबत दोन मिनिटांची चित्रफीत. 'लाभार्थी आनंदी दिसावा' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण नमुन्यादाखल पाठवलेल्या चित्रफितीत सगळे हसत होते.

काकांची परवानगी हवी होती, आणि ती अंगठा घेऊन मिळवायची गोष्ट नाही. मी सगळं समजावलं: कॅमेरा, परीक्षक, पुरस्कार. त्यात दुपार गेली, कारण प्रश्न येत राहिले. बघणारे किती जण? मला माहीत नव्हतं. त्यातलं कुणी बधिरांध आहे का? तेही माहीत नव्हतं. "त्यात मी काय करतो?" मी सांगितलं, "तुम्ही हसता." काकांनी माझा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि विचारलं, "कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी नकार दिला नाही. "तुला हवं असेल तर कर," असं म्हणाले, आणि मला तेच जास्त लागलं. रोज बाजाराला, बँकेत, दवाखान्यात जो हात धरून जायचं, त्या हाताला माणूस नाही कसं म्हणेल? मी चित्रफितीशिवाय अर्ज पाठवला. तो अपूर्ण म्हणून परत आला. नंतर पाहिलेल्या आणखी दोन-तीन पुरस्कारांच्या अर्जांतही हा भाग शब्द बदलून होताच. सगळेच पुरस्कार असे असतील असं मी म्हणणार नाही. पण एका माणसाच्या कामाचा पुरावा म्हणून दुसऱ्या माणसाचं आयुष्य जोडायचं, ही मागणी मला ओलांडता आली नाही. आणि जो बदल झाला तो एकट्या माझ्या कार्यामुळे झाला, हे लिहायलाही पेन चाललं नाही. निम्म्याहून जास्त मेहनत काकांची होती.

शिष्यवृत्तीच्या अर्जात मुख्य प्रश्न होता: तुम्हाला काय येत नाही, आणि ते शिकून कुठे वापरणार? तो मी एका बैठकीत लिहिला. मला पाठीवर आणि दंडावर द्यायच्या स्पर्शखुणा येत नव्हत्या. बोलणं चालू असताना समोरचा हसला, कुणी उठून गेलं, खोलीत गप्पा थांबल्या, हे हातांवरचं संभाषण न तोडता कळवता येतं. माझ्यासोबत काकांना ते कधीच कळत नसे. मी आधी वाक्य संपवायचो, मग सांगायचो, तोवर हसण्याचं कारण शिळं झालेलं असायचं. या उत्तरात उणीव माझी होती आणि काकांचं नावही लागलं नाही.

हेलन केलर यांच्या शिक्षिका ॲन सलिव्हन म्हटलं की ५ एप्रिल १८८७ चा पंपावरचा प्रसंग, हातावर लिहिलेला 'पाणी' हा शब्द हेलनना कळला तो, सगळ्यांना आठवतो. त्याआधीचे महिने सहसा सांगितले जात नाहीत. अमेरिकेतल्या पर्किन्स या अंधशाळेत असतानाच त्या बधिरांध लॉरा ब्रिजमन यांच्याशी बोलण्यासाठी बोटांची लिपी शिकल्या होत्या. हेलन केलर यांच्या घरी जाण्याआधी, वयाच्या विशीत, त्यांनी ब्रिजमन यांना शिकवणाऱ्या सॅम्युअल हाव यांचे त्या शिक्षणाविषयीचे जुने अहवाल वाचून काढले. टेंपल विद्यापीठाची मानद पदवी त्यांनी स्वीकारली ती १९३२ साली, पंपावरच्या प्रसंगानंतर ४५ वर्षांनी. आधी शिकायला मोकळे महिने मिळाले आणि सत्कार खूप नंतर आला, हा क्रम मला अर्ज भरताना सारखा आठवत होता.

शिष्यवृत्तीचा मोठा तोटा आता सांगतो, कारण माहितीपत्रकात तो नसतो. तुम्ही जाता तेव्हा एका माणसाचा जगाशी असलेला धागा जातो. पर्किन्ससारख्या ठिकाणचा नऊ महिन्यांचा कार्यक्रम किंवा नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातला बधिरांधत्वाविषयीचा वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कागदावर मोहक दिसत होता. मी तो घेतला नाही, आणि घेतला असता तर काकांचं वर्ष कसं गेलं असतं याचा विचार करवत नाही. लहान मुलांच्या शिक्षकांना, जिथे शाळेत चार शिक्षक आहेत, तिथे कदाचित जमेल. मी सहा आठवड्यांचा, दोन तुकड्यांत विभागलेला अभ्यासक्रम निवडला. शिष्यवृत्तीत शिकवणी फी आणि राहणं होतं, माझ्या जागी येणाऱ्याचा पगार नव्हता. बदली सोबती तीन आठवडे आधीपासून आमच्यासोबत बसले. त्यांचे हात, अंगठी, चालण्याचा वेग हे काकांच्या ओळखीचं झाल्यावरच मी गेलो. तरी पहिल्या तुकडीनंतर परतलो तेव्हा काका दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले.

अभ्यासक्रम निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: शिकवणाऱ्यांत बधिरांध शिक्षक आहेत का? सिअ‍ॅटलमध्ये २००७ च्या सुमारास 'प्रोटॅक्टाइल' ही स्पर्शाची रीत बधिरांध व्यक्तींनीच घडवली. तिच्यात ऐकणारा आपला हात बोलणाऱ्याच्या मांडीवर ठेवून थापटत 'हो, कळतंय' हे सांगत राहतो. डोळे असलेल्या माणसाने हे पुस्तकातून शिकवलं तर वेळ चुकते. शिक्षकाने माझी थाप थांबवून चारदा परत करायला लावली, तेव्हा कुठे बसली. परिषदेला जाण्यापुरत्या छोट्या प्रवासवृत्त्याही असतात. ओळखी होतात, पण हात सुधारत नाही.

तुमच्या संस्थेत पद टिकवण्याचाच प्रश्न असेल, तर पुरस्काराचा अर्ज आधी भरा, मी अडवणार नाही. फक्त चित्रफितीचं कलम शोधा आणि ते सोबतच्या व्यक्तीला तिच्या भाषेत वाचून दाखवा. शक्य असेल तर नाव दोघांचं मिळून पाठवा. एरवी, दोन्ही अर्ज टेबलावर असतील आणि संध्याकाळी मोजक्याच असतील, तर माझा हात शिष्यवृत्तीकडे जाईल.

परतल्यावर मी शिकलेल्या खुणा काकांच्या पाठीवर दाखवल्या. 'हसतायत' ही खूण त्यांना फार खाली वाटली, गुदगुल्या होतात म्हणाले; आम्ही ती दंडावर आणली. 'कुणीतरी आलं' आणि 'कुणीतरी गेलं' यांत गोंधळ होत होता, तो अजून पूर्ण सुटलेला नाही. पुढच्या तुकडीसाठीच्या अर्जात काय शिकायचं बाकी आहे ते लिहायचं होतं. या वेळी ते काकांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. अर्ध्या तासात दीड पान झालं.