उसाच्या लोकरी माव्यावर एनकार्सिया, माझा रिव्ह्यू

२००२ ला सांगली भागात लोकरी माव्याने (पानांचा रस शोषणारी, अंगावर पांढरी लोकर असलेली कीड) ऊस पांढराफटक केलेला ज्यांनी बघितलाय त्यांना एनकार्सियासारखी, म्हणजे माव्याच्या पोटात वाढून त्याला मारणाऱ्या माशीसारखी, मित्रकीटकं म्हणजे काय ते सांगायला नको. लॅबमधून पानांचे तुकडे येतात, त्यावर ही परजीवी माशी पोटात असलेला मावा, ते मावा लागलेल्या पानांना खालून स्टेपल करायचे बस्स. माशी एवढी बारीक की डोळ्याला जेमतेम दिसते, चावत बिवत नाही, नंतर मेलेल्या माव्याच्या अंगाला गोल भोक दिसलं की समजायचं काम चालू आहे. करडईला मावा सोसणारा भीमासारखा वाण तरी आहे, उसात माझी भिस्त ह्यांच्यावरच. पाकीट उन्हात उशिरा आलं, काही माश्या आतच निघालेल्या, पॅकिंग सुधारा राव! आणि सोडल्यावर औषध फवारू नका प्लीज, सगळ्या मरतात.