एलईडी पार, क्यूएलसी प्लस आणि क्यूलॅब : बालनाट्याच्या एका पूर्ण हंगामाचा अनुभव

दिवाळीची सुट्टी लागली की बालनाट्याचे प्रयोग सुरू होतात, नाताळात थोडे लागतात आणि मे महिन्यात पुन्हा जोर धरतात. आमची संस्था हौशी आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आम्ही प्रयोग करतो. कधी नाट्यगृहात, कधी शाळेच्या हॉलमध्ये, कधी सोसायटीच्या आवारात मांडवाखाली. मी लाइट ऑपरेट करते आणि गरज पडली तर साउंडलाही बसते. गेल्या दिवाळीआधी आम्ही भाड्याचे हॅलोजन दिवे आणि डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) सोडून स्वतःचे बारा एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) घेतले. ते लॅपटॉपवरून चालवायला डीएमएक्सचा (दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या सिग्नलचा) यूएसबी इंटरफेस, लाइटच्या क्यूंना, म्हणजे ठरल्या क्षणी द्यायच्या बदलांना, क्यूएलसी प्लस हे सॉफ्टवेअर, संगीताच्या क्यूंना क्यूलॅब हे सॉफ्टवेअर आणि नटांसाठी सहा वायरलेस माईक, असा संच जमवला. मे संपला, सगळं सामान पुसून पेट्यांत गेलं, आता निवांत लिहिता येईल. पारच्या आणि माईकच्या कंपन्यांची नावं देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या गोष्टी या किमतीच्या कुठल्याही मालात तपासूनच घ्याव्या लागतात.

आधी बालनाट्याबद्दल थोडं, कारण ते लक्षात घेतल्याशिवाय या सामानाची पारख होत नाही. मोठ्यांच्या नाटकात हशा कुठे येणार आणि किती टिकणार, हे चार प्रयोगांत कळतं. मुलांचं तसं नसतं. राक्षस झाडामागे लपला की अख्खं थिएटर ओरडायला लागतं, "मागे बघ! मागे बघ!" नट ते उचलतात, भलतीकडे बघतात, पोरं आणखी ओरडतात. दुपारच्या प्रयोगात पटकन उरकलेला हा प्रसंग संध्याकाळच्या प्रयोगात मिनिटभर रंगतो. एखादी चिमुरडी रडायला लागली तर राक्षस स्वतःहून आवाज खाली आणतो. म्हणजे क्यू कधी द्यायचा हे संहितेइतकंच प्रेक्षागृहातली पोरं ठरवतात. म्हणून घेतलेल्या प्रत्येक वस्तूला मी एकच कसोटी लावली : ती मला थांबू देते का?

या कसोटीवर क्यूलॅबला पैकीच्या पैकी. आमच्या नाटकात जंगलातल्या पाठलागाला ढोलकीचा तुकडा वाजतो. पूर्वी तो लांबलचक रेकॉर्ड करून ठेवायचा, पाठलाग संपला की हाताने फेड करायचा, म्हणजे हळूहळू उतरवायचा, आणि शेवटची तिहाई वेगळी सोडायची. सांधा ऐकू यायचाच. क्यूलॅबमध्ये एकाच ट्रॅकचे तुकडे पाडता येतात. मधला तुकडा अनंत वेळा फिरत राहील असं सांगून ठेवायचं आणि पुढचा क्यू डीव्हॅम्पचा, म्हणजे 'फिरणं पुरे, पुढे जा' असा, लावायचा. राक्षस घसरून पडला की मी गो दाबते. चालू आवर्तन पूर्ण होतं आणि समेवर येऊन ढोलकी तिहाईत शिरते. नट कितीही वेळ पळोत, संगीत त्यांच्यासोबत पळतं आणि त्यांच्यासोबतच थांबतं. आमच्या राक्षसाने आता पडण्याची वेळ त्या आवर्तनाशी जुळवून घेतली आहे. तो पडतो, एक क्षण जातो, तिहाई येते आणि शेवटच्या 'धा'वर तो जिभेचं टोक बाहेर काढतो. हे तालमीत कुणी बसवलं नव्हतं.

क्यूलॅब फक्त मॅकवर चालतं, ही अडचण खरीच. आमच्याकडे एका सभासदाचा जुना मॅकबुक होता म्हणून निभावलं. फुकट आवृत्तीत आवाजाचे दोनच आउटपुट मिळतात, साध्या स्टिरिओ नाटकाला ते पुरतात. त्यापुढचं हवं असेल तर लायसन्स दिवसांच्या हिशेबाने भाड्यानेही घेता येतं. ज्यांचे प्रयोग सुट्ट्यांपुरतेच लागतात त्यांना ही सोय फार उपयोगी आहे. एक मात्र पाळा. ऑटो कंटिन्यूचा मोह टाळा. मेघगर्जनेनंतर तीन सेकंदांनी पाऊस आपोआप सुरू व्हावा असं वाटतं, पण मेघगर्जनेला पोरांनी टाळ्या वाजवल्या तर पाऊस त्या टाळ्यांत वाहून जातो. आमच्या क्यू शीटवर आता जवळजवळ प्रत्येक क्यू हाताने द्यायचा आहे. हात बिझी राहतो, पण प्रयोग जिवंत राहतो.

लाइटसाठी क्यूएलसी प्लस. फुकट, मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारं. आधी प्रत्येक दृश्याचा सीन (कुठला दिवा किती आणि कुठल्या रंगात) बनवायचा, मग ते सीन ओळीने चेजरमध्ये, म्हणजे सीनच्या मालिकेत, घालायचे आणि तो चेजर क्यू लिस्टला जोडायचा. प्रत्येक पायरीला फेड इन किती, फेड आउट किती हे वेगळं देता येतं आणि पुढची पायरी मी दाबेपर्यंत हलत नाही. डिझाइन मोड आणि ऑपरेट मोड वेगळे असल्यामुळे प्रयोग चालू असताना चुकून काही बदललं जात नाही. शिकायला वेळ लागतो, पहिल्यांदा उघडल्यावर कुठून सुरुवात करायची ते उमगत नाही. पण ज्या संस्थेकडे लाइट बोर्ड घ्यायला पैसे नाहीत तिच्यासाठी यापेक्षा चांगला मार्ग मला दिसत नाही. स्वस्तातला छोटा मिडी फेडर (सरकत्या खुंट्यांची पट्टी) जोडला की बोटांखाली खरे फेडर मिळतात. ते घ्याच. माउसने फेड करताना डोळे स्क्रीनवर राहतात आणि ते स्टेजवर हवेत.

इंटरफेस घेताना मात्र कंजुषी नको. अगदी साध्या इंटरफेसमध्ये सिग्नलची वेळ सांभाळण्याचं काम लॅपटॉपच करतो. लॅपटॉप दुसऱ्या कामात अडकला की फेड अडखळतो. स्वतःचा प्रोसेसर असलेला इंटरफेस महाग पडतो, पण फेड लोण्यासारखा होतो.

आता पार. सगळ्यात मोठा फायदा विजेचा. हजार वॉटचे बारा हॅलोजन म्हणजे बारा किलोवॉट. शाळेच्या हॉलमध्ये एवढा भार मागितला की शिपाईकाका मेन स्विचकडे बघत उभे राहायचे. आमचे बारा एलईडी मिळून दोन किलोवॉटच्या आसपास घेतात, म्हणजे एका सोळा अँपिअरच्या सॉकेटवर सगळे चालतात. रंगासाठी जिलेटीनचे कागद कापायचे नाहीत, जळायचे नाहीत. विंगेत उकाडा नाही. मे महिन्यात अस्वलाच्या फरच्या पोशाखातला मुलगा विंगेत उभा असतो, त्याला विचारा याचं मोल.

पण एलईडीची खरी परीक्षा उजेडात नाही, अंधाराच्या काठावर होते. दुकानदार पूर्ण पेटवून दाखवतो आणि डोळे दिपतात. तुम्ही त्याला तळाच्या पाच टक्क्यांत न्यायला सांगा. आठ बिटच्या डिमरमध्ये शून्य ते पूर्ण असा प्रवास २५६ पायऱ्यांत होतो. वरच्या भागात त्या पायऱ्या जाणवत नाहीत, तळाशी मात्र प्रत्येक पायरी दिसते. आजी गोष्ट सांगता सांगता झोपते आणि खोलीत हळूहळू अंधार होतो, अशा आठ सेकंदांच्या फेडमध्ये शेवटी प्रकाश टपटप उतरतो आणि एकदम विझतो. हॅलोजनची तार निवत जायची, प्रकाश पिवळा, मग तांबूस होत मावळायचा. एलईडीत तो तांबूस रंग आपला आपण घालावा लागतो. मी आता प्रत्येक लांब फेडमध्ये निळा आणि हिरवा आधी उतरवते, लाल सर्वांत शेवटी. पूर्ण तेच होत नाही, पण पहिल्या रांगेतल्या आजींना खटकत नाही. डिमर कर्व्ह (उजेड कसा चढत-उतरत जातो ते) बदलायची किंवा सोळा बिटची सोय असलेला पार मिळाला तर थोडे जास्त पैसे घालाच.

चेहऱ्यांचं दुखणं वेगळं. लाल, हिरवा, निळा मिसळून केलेल्या पांढऱ्यात मेकअप केलेला चेहरा आजारी दिसतो, राजकन्येचा गुलाबी गाल राखाडी होतो. वॉर्म व्हाइट किंवा अंबर एलईडी असलेले पार निदान समोरच्या बाजूला हवेतच. आम्ही दोन हॅलोजन फ्रेनेल (मऊ कडेचा झोत देणारे दिवे) अजून भाड्याने आणतो, फक्त फ्रंटसाठी. पंख्याची घरघरही ऐकून घ्या. बारा पंखे एकदम फिरतात तेव्हा शांत प्रसंगात पहिल्या चार रांगांना ऐकू येतात. आणि मोबाइलचा कॅमेरा समोर धरून बघा. पार मंद असताना काहींच्या चित्रात काळे पट्टे फिरतात. बालनाट्यात निम्मे आईबाबा मोबाइल धरूनच बसलेले असतात, हे विसरून चालत नाही. काही पारच्या मेनूत रिफ्रेश रेट वाढवता येतो, तो वाढवल्यावर पट्टे जातात.

ब्लॅकआउटबद्दल माझं मत ठाम झालं आहे. मुलांच्या नाटकात पूर्ण अंधार करू नये. काळोख झाला की किंकाळ्या सुरू होतात, त्यातल्या काही मजेच्या असतात आणि काही खऱ्या भीतीच्या. रडणारं मूल पुढची दहा मिनिटं नाटकात परत येत नाही. मी दोन पार मागच्या पडद्यावर गडद निळ्यात दहा टक्क्यांना ठेवते. नेपथ्य बदलणारी मुलं काळ्या कपड्यांत असतात, ती दिसली तरी पोरांना चालतं, उलट ती बघायला त्यांना आवडतं. स्ट्रोबही आम्ही काढून टाकला. झपाट्याने उघडझाप होणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना फिट येऊ शकते. चारशे मुलांच्या थिएटरमध्ये तशी किती बसली आहेत हे कुणाला ठाऊक? विजेचा कडकडाट हाताने दिलेल्या प्रकाशाच्या दोन झटक्यांनीही छान होतो.

डीएमएक्सची वायर हा वेगळाच विषय. माईकची वायर दिसायला तशीच आणि पिनही तीन, म्हणून तीच लावायचा मोह होतो. डीएमएक्सला साधारण ११० ते १२० ओमची वायर लागते, माईकची वायर त्या मापाची नसते. छोट्या अंतरावर चालून जातं, लांब ओढली की ओळीतले शेवटचे पार आपल्या मनाने लुकलुकायला लागतात. ओळीच्या शेवटी पिन दोन आणि तीनच्या मध्ये १२० ओमचा रेझिस्टर लावलेला टर्मिनेटर खोचा. रेझिस्टर आणि एक कनेक्टर, एवढाच खर्च. आणखी एक गोष्ट घेण्याआधीच तपासा : सिग्नल तुटला तर पार काय करतो? काही पार शेवटची स्थिती धरून ठेवतात, काही विझतात आणि काही आपोआप रंग बदलायला लागतात. परीच्या मृत्यूच्या प्रसंगात वायर निघाली तर पहिलाच प्रकार हवा.

माईकवर मी सर्वांत जास्त नाराज आहे. २.४ गिगाहर्ट्झचे स्वस्त संच तालमीत उत्तम वाजतात, कारण तेव्हा हॉल रिकामा असतो. प्रयोगाला शेकडो मोबाइल आणि त्यांचे वायफाय, ब्लूटूथ आत येतात आणि तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा गजबजतो. वाक्याच्या मधला शब्दच गायब होतो. आम्ही दिवाळीनंतर यूएचएफकडे, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या माईककडे, वळलो. तिथेही बघून घ्यायला हवं. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा जिओने घेतला आणि त्यात ७०३ ते ७४८ या भागात मोबाइलच टॉवरकडे सिग्नल पाठवतात. म्हणजे प्रेक्षकांच्या खिशातूनच अडथळा. जुने, ७०० च्या घरातले यूएचएफ माईक कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. आमचे आता ५०० च्या घरात आहेत आणि मेच्या प्रयोगांत त्यांनी दगा दिला नाही.

नटांना माईक लावण्याचं खरं काम मात्र कपडेपटात होतं. छातीवरचा माईक पोशाखाला घासतो, मिठी मारली की धप्प वाजतो. आम्ही कॅप्सूल (माईकचं टोक) कपाळाच्या वर, केसांच्या रेषेत बसवतो आणि वायर कानामागून मानेवर उतरवतो. औषधाच्या दुकानातली मायक्रोपोर पट्टी घामातही टिकते, आधी तिथला मेकअप मात्र पुसायला हवा. मुकुट घालणाऱ्या पात्राचा माईक मुकुटात नको, कारण मुकुट पडतो. ट्रान्समीटरसाठी आमच्या ताईंनी पोशाखाच्या आत कापडी कप्पे शिवले, त्यामुळे माकडाला कोलांटी मारता येते. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे. अर्धे वापरलेले सेल पेटीत परत टाकायचे नाहीत, ते वेगळ्या डब्यात. भिंतीवरच्या घड्याळांना चालतात.

आवाजाची पातळी कमीच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी १०० डेसिबल, पंधरा मिनिटांची सरासरी, अशी वरची मर्यादा सुचवली आहे. लहान मुलांसमोर आपण तिच्या जवळपासही फिरकू नये. पोरं ओरडायला लागली की ऑपरेटरचा हात आपोआप फेडर वर नेतो, मग पोरं आणखी ओरडतात. अशा वेळी मी फेडर उलट थोडा खाली घेते. दोन-तीन वाक्यांत पुढच्या रांगा गप्प होतात, त्यांना बघून मागच्या.

लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून गूं असा आवाज येत असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि साउंडमधला विजेचा थेट संबंध तोडणारी डबी) टाका. बॅटरीवर चालवून वेळ मारून नेऊ नका, दोन अंकांत बॅटरी संपते.

हे सगळं कुणी घ्यावं? ज्यांचे प्रयोग वेगवेगळ्या हॉलमध्ये होतात आणि सामान टेम्पोत चढवणारे हात थोडे आहेत, त्यांनी नक्की. ज्यांना कायम एकाच सुसज्ज नाट्यगृहात प्रयोग मिळतो त्यांनी तिथलेच दिवे वापरावेत आणि पैसे चांगल्या माईकवर घालावेत. पुढच्या दिवाळीआधी आम्ही आणखी पार घेणार नाही. त्याऐवजी वॉर्म व्हाइटचे दोन एलईडी फ्रेनेल बघतो आहोत, म्हणजे भाड्याचे शेवटचे दोन दिवेही परत करता येतील. तळाच्या पाच टक्क्यांत सहज उतरणारा फ्रेनेल कुणी वापरला असेल तर कळवा, मी येऊन बघेन.