सहाशे एकोणपन्नासचा स्कॅनर, आठ महिने आणि तो मेला लाल दिवा

सोयाबीन काढणीच्या धामधुमीत गाडी बारा दिवस गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. तेराव्या दिवशी बाबांचे डोळे दाखवायला यवतमाळला निघायचं म्हणून किल्ली फिरवली, तर नुसतं टक् टक् टक्. डॅशबोर्ड मिणमिणला आणि गेला. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर, तिथल्या सॉकेटमध्ये खुपसलेल्या स्कॅनरचा (गाडीच्या बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा डबा) लाल दिवा मात्र मजेत जळत होता. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून जंप दिला, दवाखान्यात नंबर गेला, बाबा दिवसभर बोलले नाहीत.

त्या रागात हा रिव्ह्यू लिहायला बसलो होतो. एकच तारा देणार होतो. मधे मल्टिमीटर लावून पाहिला आणि थोडा वरमलो. ते पुढे येईलच.

वस्तू सगळ्यांच्या ओळखीची आहे. काडेपेटीहून जरा मोठा निळा डबा, आत ईएलएम३२७ या चिपची नक्कल, ब्लूटूथ, पिन १२३४. माझी गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली.

घ्यायची वेळ आली ती फेब्रुवारीत. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दारव्ह्याच्या एका गॅरेजवर नेली. मिस्त्रीने खर्रा घोटत घोटतच स्कॅनर लावला आणि म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेला भाऊ. अडतीसशे लागन. नाहीतर पाचशे द्या, दिवा बंद करून देतो." पाचशे दिले, कारण अडतीसशे द्यायची इच्छा नव्हती. सत्तर किलोमीटर चालली आणि दिवा परत हजर. मिस्त्री म्हणे, "म्हटलं व्हतं ना तुमाले, सेन्सर हाय." दिवा विझवायचे पाचशे म्हणजे युरियाच्या जवळपास दोन थैल्या. दर सत्तर किलोमीटरला दोन थैल्या परवडत नाहीत, म्हणून रात्री ६४९ चा हा डबा मागवला.

कोड निघाला पी०१७१. म्हणजे इंजिनाला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळते आहे. त्यात सेन्सर खराब आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. हवा जास्त आहे ही बातमी देणारा तो सेन्सर, आणि आमचा मिस्त्री बातमी आणणाऱ्यालाच बडतर्फ करायला निघाला होता. लाइव्ह डेटात पाहिलं तर सेन्सर ०.१ ते ०.८ व्होल्टमध्ये झोके घेत होता. थोडा रेंगाळत होता, पण जिवंत होता. कोड लागला त्या क्षणाची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, काढली: वेग शून्य, ७८० आरपीएम, पाणी गरम. म्हणजे गाडी उभी असताना, आयडलिंगवर.

मग फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे हवेशी मेळ घालायला गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा. आयडलिंगला अधिक २२ टक्के. रेस देऊन २५०० वर धरली तर अधिक ६. इथे माझी ट्यूब पेटली. कुठल्या तरी भोकातून चोरून हवा शिरत असेल तर भोक तेवढंच राहतं. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा ओढतं, त्यात चोरीचा वाटा मोठा दिसतो. रेस दिली की ओढ वाढते आणि तोच वाटा किरकोळ होतो. सेन्सर मेला असता तर आकडे असे रांगेत वागले नसते.

भोक शोधायला देवघरातून उदबत्ती आणली. (पेट्रोलचा जरा जरी वास येत असेल तर हा उद्योग अजिबात करू नका. मी आधी दोनदा हुंगून पाहिलं होतं.) इंजिन चालू, बॉनेट उघडं, आणि धुराची रेघ प्रत्येक पाइपाजवळून सावकाश फिरवली. सगळीकडे धूर पंख्याच्या वाऱ्याने उडत होता. इंटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना) जाणाऱ्या बोटाएवढ्या रबरी पाइपाखाली मात्र तो गपकन आत वळला. आरसा धरून पाहिलं तर खालच्या अंगाने उंदराने कुरतडलेलं, डाळीच्या दाण्याएवढं भोक. वरून पाइप अगदी नवरीसारखा. शेडमध्ये कापसाचा ढीग होता तेव्हाची ही करामत.

ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानातून ४० रुपये फूट भावाने पाइप आणला. मागताना ऑइल-पेट्रोल चालणारा जाड पाइप मागा, साधा पाण्याचा नेला तर ओढीने चिपकतो. दोन क्लॅम्प २० रुपये. कोड पुसला, ट्रिम अधिक ३ वर आला, आणि १३ चं ॲव्हरेज १६ वर गेलं. अडतीसशेचं काम साठ रुपयांत. त्या दिवशी पाच तारे दिले असते.

मे महिन्यात या डब्याचा वेगळाच उपयोग झाला. माझ्या गाडीला टेम्परेचरचा काटाच नाही, निळा दिवा आणि लाल दिवा एवढंच. पारा ४५ च्या आसपास असताना एसी लावून नागपूरला जाताना फोनवर पाण्याचं तापमान ९६-९८ वर खेळताना दिसलं आणि जिवाला बरं वाटलं. लाल दिवा लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे उशीरच. फक्त फोन काचेला लावू नका, माझा गरम होऊन दोनदा बंद पडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी मिसिंग मारायला लागली. या वेळी पिवळा दिवा लुकलुकत होता. नुसता लागलेला दिवा आठवडाभर सांभाळून घेता येतो, लुकलुकणारा नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो भाग बदलायचा म्हणजे माझ्यासारख्याने गाडीच विकलेली बरी. तिथेच बाजूला घेतली. कोड पी०३०३, म्हणजे तिसरं सिलिंडर. तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) दुसऱ्यावर टाकली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसून सुरू केली तर पी०३०२. दोष कॉइलच्या मागे मागे गेला, म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, कॉइलच. नवी १६०० ची. पाच मिनिटांचं काम, पण डब्याशिवाय चारही कॉइली माझ्या गळ्यात पडल्या असत्या.

आता तो लाल दिवा.

या कंपनीला एवढी अक्कल का नसावी? सॉकेटच्या सोळा पिनांपैकी सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट कायम असतो, किल्ली काढली तरी. तिथे कायम लावून ठेवायची वस्तू विकता आणि तिला बटण देत नाही. रात्री शेडमध्ये गेलं की काचेतून तो दिवा दिसतो, भिंतीवर तांबूस उजेड पडतो. आई एकदा चोर समजून काठी घेऊन गेली होती.

मल्टिमीटर लावला तेव्हा डब्यासकट ०.०७ अँपिअर, डबा काढून ०.०३. म्हणजे हा एकटा ०.०४ खातो, दिवसाला जवळपास १ अँपिअर-तास. बारा दिवसांचे साडेअकरा. गाडीचे स्वतःचे धरून एकूण वीस. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. हिशेबाने चांगली बॅटरी एवढ्यात अशी आडवी पडत नाही. पावती काढली तर बॅटरी चार वर्षांची, आणि स्टार्ट मारताना व्होल्टेज ७.९ वर पडत होतं. म्हणजे अर्धा दोष माझ्या कंजूसपणाचा. जंप दिल्यावर आलेला पी०५६२ (व्होल्टेज कमी) आणि सोबतचे दोन-तीन भलतेच कोड बघून डबा खोटं बोलतो असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, ते शब्द परत घेतो. व्होल्टेज पडलं की कॉम्प्युटर बावचळतो. नवी बॅटरी टाकली, कोड पुसले, परत आले नाहीत.

बाकी किरकोळ. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे हा वाचत नाही. भाच्याच्या आयफोनला जोडला गेला नाही. मेहुण्याच्या २००९ च्या गाडीत सॉकेट बसलं, बोलणं काही झालं नाही. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीने अशा डब्याशी बोलायची ठरलेली पद्धत, सक्तीचं झालं ते एप्रिल २०१३ पासून, त्याआधीची गाडी असेल तर कुणाचा तरी डबा मागून आधी लावून बघा. आणि कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा, पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. मी एकदा ही चूक केली आहे.

स्विचवाली एक्स्टेंशन केबल मिळते, ४२० रुपयांना. ६४९ च्या वस्तूचा दिवा विझवायला ४२०? मी उतरताना डबा उपटून बाबांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवतो. साडेतीन तारे.

परवा तोच मिस्त्री रस्त्यात भेटला. "भाऊ, तो डबा दोन दिवस माह्यापाशी ठेवता का?" भाडं पाचशे सांगितलं. खर्रा थुंकून हसला.