1824, 1876 की 2000: अमेरिकेतली कोणती निवडणूक आधी वाचावी?

अमेरिकेत जास्त मतं मिळालेला उमेदवार राष्ट्राध्यक्षपद गमावू शकतो. आतापर्यंत असं पाच वेळा झालं: 1824, 1876, 1888, 2000 आणि 2016. हे कसं काय, असं वाटून इतिहास चाळायला घेतला असेल तर 1888 तूर्त बाजूला ठेवा, तिच्यात नाट्य बेताचंच. 2016 चा धुरळा अजून खाली बसलेला नाही. उरल्या तीन.

राजकारणातली माणसं वाचायला आवडत असतील तर 1824 घ्या. चारही उमेदवार एकाच पक्षाचे. राष्ट्राध्यक्ष ठरतो तो इलेक्टोरल मतांवर, म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या ‘इलेक्टर’ प्रतिनिधींच्या मतांवर. ती पडली ती अशी: अँड्र्यू जॅक्सन 99, जॉन क्विन्सी ॲडम्स 84, पक्षाघाताने खचलेला विल्यम क्रॉफर्ड 41 आणि हेन्री क्ले 37. बहुमताला 131 लागत होती, म्हणून प्रकरण प्रतिनिधीगृहात गेलं. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत आणि रिंगणात पहिले तिघेच. क्ले बाद झाला खरा, पण सभागृहाचा सभापती तोच! त्याने ॲडम्सच्या पारड्यात वजन टाकलं, 24 पैकी 13 राज्यं ॲडम्सकडे गेली आणि क्ले परराष्ट्रमंत्री झाला. हे उघड साटंलोटं आहे, असा जॅक्सनच्या गोटाने चार वर्षं शंख केला आणि 1828 मध्ये वचपा काढला. मात्र इथे ‘जास्त मतं’ जरा जपूनच म्हणावं. सहा राज्यांत सामान्य मतदाराला मतच नव्हतं, इलेक्टर तिथलं विधिमंडळ निवडायचं.

नियम नि कोर्टकचेऱ्यांत रस असेल तर 2000: रिपब्लिकन जॉर्ज बुश विरुद्ध डेमोक्रॅट अल गोर. फ्लोरिडाचे कर्मचारी मतपत्रिका उजेडासमोर धरून भोक पूर्ण पडलंय की कागदाचा तुकडा लोंबतोय, हे डोळे बारीक करून बघत होते. तिसरा उमेदवार राल्फ नेडरने तिथे 97 हजारांवर मतं खाल्ली. बुश तिथे 537 मतांनी पुढे राहिले, 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि गोर घरी गेले. वाचायला सर्वांत सोपी हीच.

मी मात्र 1876 हातात देईन. डेमोक्रॅट सॅम्युअल टिल्डेनकडे 184 इलेक्टोरल मतं होती, बहुमताला एक कमी. रिपब्लिकन रदरफोर्ड हेजकडे 165. फ्लोरिडा, लुईझियाना, दक्षिण कॅरोलिना आणि ओरेगनातली मिळून 20 वादात. निवाड्यासाठी 15 जणांचा आयोग नेमला. दोन्ही पक्षांचे सात-सात आणि पंधरावा न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस, कुणाचाच नाही असा. नेमक्या त्याच वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने त्याला सिनेटवर निवडून दिलं! तो आयोगातून बाजूला झाला, जागी रिपब्लिकन जोसेफ ब्रॅडली आला आणि प्रत्येक वाद 8 विरुद्ध 7 असा हेजच्या बाजूने सुटला. अंतिम आकडा 185–184.

पण ती वाचायची ती पुढच्या भागासाठी. पडद्याआड तडजोडीच्या बैठका झाल्या आणि 1877 च्या एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलिना व लुईझियानाच्या राजधान्यांतला, यादवी युद्धानंतर केंद्राने ठेवलेला लष्करी पहारा हेजने उठवला. तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांचा उरलासुरला आधार गेला. कायद्याचं खरं संरक्षण परत मिळायला 1965 उजाडलं. 1824 मध्ये जॅक्सनला चार वर्षं थांबावं लागलं होतं.