सहा बाय चारचा व्हाइटबोर्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका स्टेशनरीच्या दुकानातून आमच्या टीमसाठी सहा बाय चार फुटांचा चुंबकीय व्हाइटबोर्ड घेतला, त्याला आठ महिने झाले. गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ आम्ही सात जण काम करतो आणि प्रत्येकाला दोन वेळापत्रके सांभाळावी लागतात: एक स्प्रिंटचे, म्हणजे ठरलेली कामे संपवायच्या दोन आठवड्यांच्या टप्प्याचे, दुसरे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाचे, ज्याचे सकाळचे ९ उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात. ऐन घरी निघताना तातडीची दुरुस्ती येई, स्प्रिंटमधले काम अर्धवट राही आणि संगणकावरच्या यादीत दोन्ही कामे ‘सुरू’ म्हणूनच दिसत.

बोर्डावर आम्ही दोन आडवे पट्टे आखले, वरचा तातडीच्या कामांचा, खालचा स्प्रिंटचा. आणि कानबान या, एका वेळी हाती असलेली कामे मर्यादित ठेवणाऱ्या पद्धतीने ‘सुरू’ या रकान्यात एकूण ५ चिठ्ठ्या, त्यांत तातडीची एकच, अशी मर्यादा घातली. सहावी लावायची तर आधी एक काढावी लागते, आणि कोणती काढायची हे प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कामांचा अग्रक्रम ठरवणाऱ्याला, सर्वांसमोर सांगावे लागते. एप्रिलमध्ये बिलातल्या कराची चूक निघाली, तेव्हा त्यांनी अहवालाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने ‘थांबले’मध्ये नेली, तीवर तारीख घातली आणि त्याच संध्याकाळी ग्राहकाला अहवाल पुढच्या स्प्रिंटमध्ये मिळेल असे कळवले. पूर्वी हा निर्णय रात्री दहा वाजता एखाद्या नवख्या मुलीला एकटीने घ्यावा लागे, याचे मला आजही वाईट वाटते. स्प्रिंटने काम करण्याच्या ‘स्क्रम’ पद्धतीची नियमपुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडने रोजच्या बैठकीला दिलेली १५ मिनिटांची मर्यादाही आता, बोर्डासमोर उभे राहिल्यामुळे, बहुधा पाळली जाते.

वस्तू म्हणून बोर्ड मजबूत आहे, ॲल्युमिनियमची चौकट कुठेही सैल झालेली नाही. मात्र आठवडाभर राहिलेली मार्करची रेघ कोरड्या डस्टरने निघत नाही, ओले फडके लागते. मे महिन्यात कूलरच्या दमट वाऱ्याने चिकटचिठ्ठ्या सकाळी जमिनीवर सापडत, म्हणून चुंबके सोबतच घ्यावीत. भिंतीवर बसवून देण्याची सोय दुकानाकडे नव्हती, सुताराला वेगळे बोलवावे लागले.

टीम दोन गावांत विभागलेली असेल, तर केवळ बोर्डावर भागणार नाही. आमची एक सहकारी वर्ध्याहून काम करते. तिच्यासाठी रोज संध्याकाळी ६ वाजता, ग्राहकाचा फोन येण्याआधी, बोर्डाचा फोटो पाठवतो.